चौथा दिवा

हॅकरांच्या संमेलनातल्या कोड्यांच्या स्पर्धेत प्रत्येकाच्या गळ्यात बॅज होता. त्यावर संघातल्या चौघांचे चार दिवे. साथीदार जितका जवळ, तितका त्याचा दिवा प्रखर.

ताईच्या संघात तिघंच आले होते. चौथा तिचा धाकटा भाऊ. "तू नुसता घोळ घालतोस," म्हणून तिनेच त्याला ऐनवेळी वगळलं होतं. त्याचा बॅज पिशवीच्या तळाशी पडून होता, बॅटरीसुद्धा न घातलेला.

तरी सकाळपासून चौथा दिवा लागलेला होता.

"तुझ्या बॅजला भूत लागलंय, ताई!" संघातला मेकॅनिक म्हणाला. "लागू दे. फुकटचा गडी मिळाला."

शेवटच्या कोड्याची पेटी चारही दिवे लागल्याशिवाय उघडणार नव्हती. ती उघडली. दोघं साथीदार नाचायला लागले. तेवढ्यात आईचा फोन आला, म्हणून ताई बाहेर बोळात गेली.

"अगं, तो सकाळपासून उठतच नाहीये," आई म्हणाली. "हाका मारल्या, हलवलं. डॉक्टर आलेत. काल रुसून न जेवता झोपला गं."

बोळात कुणीच नव्हतं. साथीदारांचे दिवे मिणमिणत होते. चौथा लख्ख होता.

ताईने बॅज मुठीत धरला. "चुकलं रे माझं," ती पुटपुटली. "पुढच्या वेळी तुझ्याशिवाय यायची नाही. पण आता घरी जा, राजा. आई हाका मारतेय."

दिवा क्षणभर मंदावला.

मग तिच्या बोटांच्या फटींतून उजेड हळूहळू वाढू लागला, आणि मागे वळायचा तिला धीर होईना.