चावडीचा वॉल्व्ह

खिशातला रेडिओचा काचेचा वॉल्व्ह मुठीत घट्ट धरून सहदेव गुरुजी रहेमतुल्लाचाचांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानावरून दोनदा पुढे निघून गेले. तिसऱ्यांदा मात्र त्यांची त्यांनाच लाज वाटली. आत चाचा बांधाबांध करत होते. उद्याच्या पहिल्या मोटारीने ते धाड गाव सोडून जालन्याला चालले होते, आणि त्यांना गावातून उठवलं होतं गुरुजींच्या पापाने.

उभ्या धाडमध्ये रेडिओचं वेड या दोघांनाच. शाळा सुटली की गुरुजी दुकानात येऊन बसायचे आणि वाद रंगायचा. नवे ट्रान्झिस्टर हातात मावतात, बटण फिरवलं की बोलतात, याचं गुरुजींना कोण कौतुक. चाचांच्या लेखी ते पोरखेळ. "वॉल्व्ह तापल्याबिगर बोलत नाही, गुरुजी," ते म्हणायचे. "जो लगेच बोलते, त्याच्यावर भरवसा ठेवू नये."

याच वेडापायी गुरुजी घसरले. चहाच्या खोक्यात त्यांनी स्वतःचा सेट जोडला होता. सगळं जमलं, एक वॉल्व्ह काही मिळेना. चावडीतल्या पंचायतीच्या रेडिओची किल्ली त्यांच्याकडेच असायची. त्या शुक्रवारी चाचांनी तो रेडिओ उघडून साफ केला होता आणि बॅटरी चार्जिंगला बुलडाण्याला गेली होती. शनिवारी दुपारी गुरुजींनी त्यातला वॉल्व्ह उपसला. घटकाभर लावून बघू, बॅटरी यायच्या आत परत ठेवू, एवढाच बेत.

पण त्यांचा सेट हूं की चूं करेना. सात वेळा जोडणी तपासली, कथलाचे डाग पुन्हा दिले, तरी तो मुकाच. तेवढ्यात बॅटरी वेळेआधी आली, बातम्या ऐकायला चावडी भरली, आणि वॉल्व्हची जागा रिकामी सापडली.

रेडिओला शेवटचा हात चाचांचा. गुरुजींवर कोण संशय घेणार? पंचायतीने आपल्या प्रत्येक वॉल्व्हवर लाल ठिपका दिलेला होता, तेव्हा दुकानाची झडती घ्या, असंही कुणी म्हणालं. सरपंच वामनरावांनी म्हाताऱ्याची अब्रू राखली; रेडिओचं काम तेवढं काढून घेतलं. चाचा मान खाली घालून उभे राहिले. 'मी नाही घेतला' एवढंही बोलले नाहीत. हळूहळू गिऱ्हाईक तुटलं. त्या गप्प बसण्यातला मोठेपणा आठवला की गुरुजी भरल्या ताटावरून उठत. चोरलेल्या वॉल्व्हवरचा ठिपकाही त्यांच्या घामेजल्या हाताने पुसला गेला असावा. तो दिसत नव्हता, याचंही त्यांना आधी हायसं वाटलं होतं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच शरम.

शेवटी ते आत शिरले. फळीवर चाचांचा स्वतःचा जुना सेट चालू होता. वर्षानुवर्षं नुसता खरखरणारा तो सेट अलीकडे घंटेसारखा खणखणीत वाजत होता. असा हात गावातून जाणार, या विचाराने गुरुजींना भडभडून आलं. त्यांनी वॉल्व्ह चाचांपुढे ठेवला.

"हा मी घेतला होता, चाचा. तुमी जाऊ नका. मी आताच वामनरावाले जाऊन सांगतो."

चाचांनी तो वॉल्व्ह उचलून उजेडात फिरवून पाहिला आणि परत खाली ठेवला.

"तुमचा सेट बोलला का, गुरुजी?"

"नाही. मलेच जोडता आला नाही."

"जोडणी बरोबर असन तुमची."

चाचा उठले. फळीवरचा सेट त्यांनी बंद केला, मागची पाटी काढली आणि फडक्यात धरून एक तापलेला वॉल्व्ह बाहेर ओढला. तो त्यांनी गुरुजींच्या वॉल्व्हशेजारी ठेवला.

त्याच्यावर लाल ठिपका होता.