गायिकेचा मेकअप

गाणं संपलं आणि टेपचं बटण खट्कन वर आलं.

"परत लाव गं," चारुशीला लेकीला, जुईलीला म्हणाली. तिच्या कुवेतमधल्या सालमियातल्या फ्लॅटवर मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. गेल्या महिन्यात वारलेल्या एका आफ्रिकन पॉप गायिकेवर मुलींचा नाच बसवला होता. बाईमाणसाने चारचौघांत गाऊ नये म्हणणाऱ्या गावातून निघून तिने स्टेडियमच्या स्टेडियम भरून टाकली होती, आणि मागे उभ्या असलेल्या काळ्यासावळ्या पोरींना ती हात धरून स्टेजवर ओढून घ्यायची.

त्या गायिकेच्या कामासाठी नाच बसवणाऱ्या विनिताताईंनी आधी जुईलीलाच विचारलं होतं. जुईलीला तिची सगळी गाणी पाठ. पण चारुशीलानेच मोडता घातला. "नको हो ताई. शाळेत पोरं आधीच काळी म्हणून चिडवतात हिला. या वेशात उभी राहिली, तर ते कायमचंच चिकटेल." मग जुईली मागच्या रांगेत गेली आणि काम गोऱ्यापान प्राचीला मिळालं.

आता प्राची डोळे मिटून स्टुलावर बसली होती. काजळात क्रीम कालवून चारुशीला तिच्या गालांना लावत होती, पण रंग काही केल्या जमेना. एकदा फारच काळा झाला, पुसून लावला तर राखाडी.

जुईली जवळ आली. तिने आपला हात प्राचीच्या गालाशी नेऊन धरला.

"आई, सेम असाच हवाय ना? मग मला का नाही घेतलं?"