मास्तरांचा जुना लेख

“‘काळ वेगळा होता’ असं निवेदनाच्या सुरुवातीला लिहू,” कार्मेल म्हणाली, “आणि ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे शेवटी.”

फिंटन लॉलर फोनवर डोळे लावून बसला होता. मतदानाला सहा दिवस उरले होते. क्लूनाडच्या शाळेतून निवृत्त झालेला हा सदुसष्ट वर्षांचा मास्तर काउंटी कौन्सिलला अपक्ष उभा होता. गावचा दवाखाना बंद पडू नये, एवढ्यासाठीच. धाकटी बहीण कार्मेल त्याचा प्रचार सांभाळत होती. सगळं बरं चाललं होतं. मग आदल्या दिवशी कुणीतरी त्याचा एकतीस वर्षांपूर्वीचा लेख शोधून काढला आणि घरोघरच्या फोनवर पोचवला. भटक्यांची वस्ती शाळेजवळ नको, असं त्याने तेव्हा साप्ताहिकात लिहिलं होतं. त्यांच्या मुलांबद्दलही लिहिलं होतं.

“हे मी लिहिलं?” तो म्हणाला.

“लिहिलंस. शिवाय खाली नाव पण छापून घेतलंस, शहाण्या. डब्लिनच्या रेडिओवाल्यांचा दोनदा फोन येऊन गेला. आता ऐक. त्यांच्यातलंच कुणीतरी तुझ्या शेजारी उभं राहायला हवं. एक फोटो, दोन ओळी, खाली सही. ती विनी मकडोना तुझ्या वर्गात होती ना?”

“तीन वर्षं.”

“मग जा. ती नाही म्हणायची नाही.”

कार्मेल आजही म्हणते, त्याला तिकडे पाठवलं तीच माझी चूक. फिंटन संध्याकाळी घरी आला आणि ते निवेदन त्याने चुलीत घातलं. दुसऱ्या दिवशीच्या सभेत तो उभा राहिला, “लेख माझाच आहे. काळाला मध्ये आणू नका,” एवढंच म्हणाला आणि खाली बसला. अठ्ठावीस मतांनी पडला. असं का केलंस, हे तिने कितीदा विचारलं. त्याने सांगितलं ते वर्षभराने.

वस्ती गावाबाहेर, जुन्या दगडखाणीच्या तोंडाशी होती. चाकांवरची अकरा घरं, मध्ये एक नळ. त्या दिवशी तो पोचला तेव्हा विनी दारातच उभी होती.

“मास्तर! बूट राहू देत, तसेच आत या.”

तिने न विचारता चहा टाकला. काळाकुट्ट, दोन चमचे साखरेचा. पावाला बोटभर लोणी लावून बशी पुढे सरकवली. ती आता चाळिशीची होती, दोन मुलींची आई. मुलींचे चर्चमधले पांढऱ्या झग्यातले फोटो भिंतीवर होते. फिंटनने ते निरखून पाहिले. विषय कसा काढावा ते त्याला सुचेना.

“तुझ्या कानावर आलंच असेल,” तो शेवटी म्हणाला.

“आलं की. सकाळपासून तिघं येऊन गेली. एक बाई म्हणते, तुझी मुलाखत घेते. मी म्हटलं, मास्तरांबद्दल वाकडं ऐकायचं असेल तर दुसरं दार बघ बाई.”

“विनी, मी...”

“खोटं नाही सांगत. आमची आजी गेली तेव्हा अख्ख्या शाळेतून तुम्ही एकटे आला होतात मातीला. पोरी मला घाणेरडी म्हणायच्या, तर तुम्ही त्यांना दटावायचात. मागे शेगडीला लागून बसवायचात, रंगीत खडूंचा डबा द्यायचात. इतकं छान मला कुणी कुठे बसवलं नव्हतं.” ती हसली. “बोला, काय हवंय? फोटो? थांबा, केस तरी विंचरते.”

फिंटनला हलकं वाटलं. कार्मेलचं म्हणणं खरं होतं. त्याने खिशातून निवेदन काढून तिच्यापुढे धरलं.

“आधी नीट वाच. पटलं नाही ते खोडून टाक.”

विनीने कागद घेतला, एखादं चित्र बघावं तसा बघितला आणि परत दिला.

“तुम्हीच सांगा काय आहे ते.”

“चष्मा सापडत नाही का?”

“चष्मा काय करणार, मास्तर? मला कुठे वाचता येतं?”

बाहेर वारं सुटलंय म्हणावं इतक्या सहज ती हे म्हणाली. फिंटनने कप खाली ठेवला. त्याने आठवून बघितलं. तिची चित्रं आठवली. एक निळा घोडा होता, त्याला सहा पाय होते, सगळा वर्ग हसला होता. तिची वही मात्र काही केल्या आठवेना.

“हे राहू द्या,” विनी म्हणाली. “ते जुनं वाचा ना. सगळा गाव त्याच्यावरून भांडतोय आणि मला कुणी धड सांगत नाही. लाजतात मेले.”

“नको, विनी.”

“वाचा हो. तुमचं वाचणं मला फार आवडायचं.”

त्याने फोनवर लेख उघडला आणि वाचू लागला. एकही ओळ गाळली नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘यांची मुलं शाळेत येतात ती शिकायला नव्हे, ऊब घ्यायला. त्यांना अक्षर यायचं नाही. त्यांच्यावर मास्तराने वेळ घालवणं म्हणजे आपल्या मुलांचा वेळ चोरणं आहे.’

वाचून झालं. विनीने उठून त्याच्या हातावर हात ठेवला.

“अहो, रडताय काय असे? लोकांना काय, तोंड आहे म्हणून बोलतात,” ती त्याची समजूत घालत म्हणाली. “त्यात खोटं काय लिहिलंय तुम्ही? नाहीच आलं मला अक्षर.”