सोसलेली दाढ

मर्लिनचं लग्न झालं त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात तिचा धाकटा भाऊ ॲल्रॉय लष्कराचं प्रशिक्षण संपवून सुट्टीवर घरी आला, तेव्हा बाप हिलरी नुसती पेज पीत बसला होता. उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता. पेजेचा घोटसुद्धा तो मान तिरकी करून डाव्या बाजूने उतरवत होता.

"पप्पा, दाढ आहे ना? चला, एव्हरशाईन वस्तीत मर्लिनच्या सासरच्या बिल्डिंगखालीच दातांचा डॉक्टर बसतो. रिक्षा बोलावतो."

"अरे, आधी बॅग तरी ठेव खाली. आल्या आल्या हुकूम सोडतोय," हिलरी म्हणाला. "बंदूक चालवायला शिकवली की दात घासायला?"

"दोन्ही शिकवलं."

आई कार्मिन हसली नाही. ती चुलीकडे वळली.

खरंच दोन्ही शिकवलं होतं. रात्री कितीही दमलात तरी ब्रश करूनच झोपायचं, गोड चहा-बिस्किटांनंतर चूळ भरायची, आणि दात दुखला तर लपवायचं नाही. प्रशिक्षण केंद्रातल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी सगळ्या रिक्रुटांना बसवून हे ऐकवलं होतं. तरी नोव्हेंबरात ॲल्रॉयची दाढ ठणकायला लागली, तेव्हा त्याने आधी घरी फोन लावला.

"कुणाला बोलू नको," हिलरी म्हणाला होता. "आजारी म्हणून नाव गेलं तर मागच्या तुकडीत ढकलतील. तुझी परेड बघायला येणार म्हणून मी सगळ्या गावाला सांगून बसलोय. लवंग धर दाढेखाली. सोस थोडं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ॲल्रॉय डॉक्टरबाईंपुढे उभा राहिला. त्यांनी दाढ कोरून भरली, उशीर केला म्हणून झापलं आणि पुन्हा मैदानावर पाठवलं. त्याला कुणी मागच्या तुकडीत ढकललं नाही. पण रविवारी बापाने विचारलं, "कसं आहे रे?" तेव्हा तोंडून निघून गेलं, "सोसतोय, पप्पा. तुम्ही बोललात तसं." बापाचा शब्द मोडला हे सांगायची लाज वाटली, एवढंच. मग दर रविवारी तेच विचारणं आणि तेच उत्तर. फेब्रुवारीत परेड झाल्यावर हिलरीने सगळ्यांदेखत त्याचा गाल चाचपून पाहिला होता. ॲल्रॉयला वाटलं, बाप खूश आहे.

"हे लपवून चालत नाही, पप्पा," तो आता म्हणाला. "त्यात तुम्हाला साखर. उद्या जाऊ."

"तू तीन महिने सोसलंस. मला ईस्टरपर्यंत जमणार नाही होय?"

खरं ओठावर आलं होतं. म्हाताऱ्याला पोराशी बरोबरी करायची हौस, असं स्वतःला समजावून ॲल्रॉयने ते गिळलं. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाला. मग परवा. रोज तो डॉक्टरचं नाव काढी आणि रोज बाप ईस्टर दाखवी.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी हिलरी अंगात ताप घेऊनच चर्चमध्ये मिस्साला उभा राहिला. मंगळवारी सूज गळ्यापर्यंत उतरली. तोंड उघडेना, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, दाढेचा पू मानेत पसरलाय, इतके दिवस काय करत होता?

दुसऱ्या दिवशी दुपारी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर कार्मिन पदर तोंडाला लावून बसली होती.

"मी पाया पडले त्यांच्या," ती म्हणाली. "उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी आपण प्रत्येक जण ईस्टरपर्यंत काय सोडणार ते सांगतो ना? हे दरवर्षी दारू सोडायचे. या वर्षी मला एकटीला म्हणाले, 'माझ्या हौसेपायी पोराने एवढं दुखणं काढलं. माझीही दाढ ठणकायला लागलीय, ती मी ईस्टरपर्यंत सोसणार. औषध नाही, डॉक्टर नाही.' तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली."

ॲल्रॉय भिंतीला टेकला.

"मम्मी, मी सोसलंच नाही. दुसऱ्याच दिवशी दाढ भरून घेतली होती."

कार्मिनने तोंडावरचा पदर काढला. "मग हे त्यांना सांगायला तुझं तोंड कुणी धरलं होतं?"

तो दाराकडे धावला. नर्सने हात आडवा केला. "आता नाही, दादा. पाचला भेटीची वेळ आहे, तेव्हा एकाला सोडते."

ॲल्रॉय दाराशीच उभा राहिला. सांगायचं वाक्य पुन्हा पुन्हा मनात जुळवत राहिला.

हिलरी झावळ्यांच्या रविवारनंतरच्या बुधवारी, पाच वाजायच्या आत वारला.