दिसायला सेम टू सेम

दोन सीटचं छोटं विमान, मालक स्वतःच उडवतात. ओव्हरहॉलसाठी मी इंजिन खोलून टेबलावर मांडलं होतं, तेवढ्यात मालकसाहेबांनी रुमालात बांधून आणलेल्या पिस्टनच्या रिंगा माझ्यापुढे ठेवल्या. “पार्ट नंबर जुळत नाही, पण दिसायला सेम टू सेम आहेत. बसवून टाका हो, आत डोकावून कोण बघतंय?”

मग कण्हत स्टुलावर टेकले. “नवा गुडघा बसवलाय ना! डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, मूळ कंपनीचाच पाहिजे. त्याच्यावरचा नंबर मी स्वतः तीनदा ताडून बघितला. जिवाशी खेळ नको.”

मी वही उघडली.


“तो गुडघ्याचा नंबर तेवढा सांगून ठेवा, साहेब. या रिंगा बसवल्या, तर पुढे तुमची ओळख पटवायला तोच कामाला येईल.”