सरांनी घडवलेला डॉक्टर

शाळेच्या सभागृहात नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या रांगेत कानाच्या सर्जनचा फोटो लागला. गणिताचे म्हातारे सर माइकवर गरजले, "एक नंबरचा टवाळ होता हा! नववीत कानाखाली वाजवली, तेव्हा कुठे सुतासारखा सरळ झाला. आता पोरांना हात लावायची सोय नाही, मग असे डॉक्टर निघणार कुठून?"

टाळ्या पडल्या. सर ऐटीत मंचावरच्या टेबलापाशी, डॉक्टरांच्या डावीकडे येऊन बसले. "काय रे, खरं की नाही?"

डॉक्टर समोरच बघत राहिले.

"शिंगं फुटली का? तुझ्याशी बोलतोय मी!" सरांनी त्यांचा दंड धरून हलवला.

डॉक्टरांनी मान वळवली आणि टेबलावरचा माइक जवळ ओढला.

"सर, उजवीकडे येऊन बोला. डाव्या कानानं मला नववीपासून ऐकू येत नाही."