एस्तेरबाईंच्या नावाचं पद

काचपट्टीवरची जंताची अंडी. उसाच्या फडातली चूल. श्रीरामपूरच्या एसटीत मांडीवर धरलेला बर्फाचा डबा. डॉ. एस्तेरबाईंच्या संशोधनाचे हे फोटो भिंतीवर होते आणि त्यांच्याच नावाच्या नव्या प्राध्यापकपदासाठी अश्विनी मुलाखतीला बसली होती. समोर काठी घेऊन स्वतः एस्तेरबाई.

"ऊसतोडणीच्या बायांचं रक्त जंतांमुळं कमी होतं, असं मी म्हटलं. माझं कुठं चुकलं, पोरी?"

खरं बोललं तर नोकरी हातची जाईल, हे अश्विनीला कळत होतं.

"मी तपासलेल्या बायांचे जंत औषधानं गेले, बाई. तरी रक्त वाढलं नाही."

"मग कशानं गं?"

"अजून सापडलं नाही."

बाईंनी खुर्ची पुढं ओढली. "सांग, सांग. कुठवर आलीस?"

अश्विनीच्या आधी आलेल्या तिघांनी, बाईंचं कुठंच चुकलं नाही, असं सांगितलं होतं.